सहा सुया, आधी कोणाला?

फ्लूच्या लसीबद्दल एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे, थोडं आटोपतं करून देते:

“डॉक्टर मॅडम, आम्ही चिंचवडला राहतो. घरात पाच माणसं. सासरे ६८ वर्षांचे, शुगर आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. सासूबाई ६२, गुडघे सोडले तर ठणठणीत. नवरा ३५. मुलगा चार वर्षांचा, गेल्या जूनपासून शाळेत जायला लागला आणि तेव्हापासून घरातला खोकला थांबलेला नाही. मला पाचवा महिना चालू आहे. मुलाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी फ्लूची लस घेऊन टाका. एका डोसचे अठराशे. मुलाची पहिलीच वेळ म्हणून त्याला दोन. म्हणजे सहा सुया, दहा हजार आठशे रुपये! नवरा म्हणतो, साध्या सर्दी-तापासाठी एवढे पैसे कोण घालवतं? सासरे म्हणतात, गेल्या ऑगस्टमध्ये सोसायटीच्या शिबिरात घेतली होती, चौथ्या दिवशी तापाने फणफणलो, आता नाव काढू नका. यंदाही ते वारीला जाणारच आहेत. त्यात मैत्रिणीने मेसेज पाठवलाय की या लसीने पाय लुळे पडतात. सगळ्यांनी घ्यायची, कुणीच नाही, की काहींनी?”

काहींनी. आणि त्यात पहिला नंबर तुमचा आहे, सासऱ्यांचा नाही.

तुमच्या सगळ्या पत्रात तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, ‘मला पाचवा महिना चालू आहे’. बाकी पत्रभर सासरे, मुलगा आणि हिशेब. घरोघरी हेच बघते मी. सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा जिला तोंडपाठ असतात, तिची स्वतःची लोहाची पट्टी फ्रिजवर तशीच पडलेली असते. म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात करते.

गरोदरपणात फ्लू झाला तर तो साध्या तापासारखा वागेलच याची खात्री नसते. पोट वाढतं तशी फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते, हृदय आधीच जादा काम करत असतं, आणि पोटातल्या जिवाला शरीराने परकं मानू नये म्हणून प्रतिकारशक्तीची घडी थोडी बदललेली असते. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा हे जगभर दिसलं. धडधाकट, पंचविशी-तिशीतल्या गरोदर बायका व्हेंटिलेटरवर गेल्या. पुढे २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लशीसाठी कोणाला आधी धरायचं हे सांगितलं, तेव्हा गरोदर बायकांना सगळ्यांत वर ठेवलं. सुईने देतात ती लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. ती गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारतात ती वेगळी. तिच्यात दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो, ती गरोदर बाईने घ्यायची नाही. एवढा फरक लक्षात ठेवा आणि तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या कानावर घालून मग घ्या. धनुर्वाताचं म्हणून टीडीचं इंजेक्शन दिलं असेल तर ते निराळं. ‘मला दिलंय की एक’ असं म्हणून गल्लत होते, मी पाहिली आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तुमची तारीख सप्टेंबरच्या अखेरीची असणार. पुण्याच्या बाजूला फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर असतो, आणि जानेवारी ते मार्च दुसरी, जरा लहान लाट येते. म्हणजे बाळ येणार एका लाटेच्या शेपटावर आणि दुसरी लाट येईल तेव्हा ते चार-पाच महिन्यांचं असेल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला मिळतं ते आईच्या रक्तातून वारेवाटे गेलेलं, आणि नंतर थोडंफार दुधातून. बांगलादेशात गरोदर बायकांना ही लस देऊन त्यांच्या बाळांवर सहा महिने लक्ष ठेवलं होतं. २००८ मध्ये त्याचे आकडे आले: त्या बाळांमध्ये तपासणीत पक्का ठरलेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी. एक सुई, दोन माणसं. तुमच्या यजमानांना हिशेबच आवडत असेल तर हा सांगा.

आता सासरे.

ते तुम्हाला जे सांगतात ते खोटं नाही. ताप आला होता, आणि लस घेतल्यावरच आला होता. पण त्या तापाची तारीख नीट बघू. या लसीने अंग कसकसलं, दंड दुखला, बारीक ताप आला, तर तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. चौथ्या दिवशी फणफणून येणारा ताप लसीचा नसतो. लस अंगात भिनून कामाला लागायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप दाखवतो. म्हणजे शिबिराच्या रांगेत उभे असतानाच त्यांनी तो कुठून तरी घेतलेला असेल किंवा नंतरच्या दोन दिवसांत घेतला असेल. कदाचित तो फ्लू नव्हताच. ऑगस्टमध्ये चिंचवडला तापाला काय तोटा? डेंग्यू असतो, आणखी दहा प्रकारचे विषाणू असतात. आपण सगळ्यांना मिळून ‘व्हायरल’ म्हणतो आणि मोकळे होतो.

खरी चूक शिबिराच्या तारखेत होती. ऑगस्ट म्हणजे पीक उभं राहिल्यावर कुंपण घालण्यातला प्रकार. सोसायट्यांची शिबिरं बहुतेक तेव्हाच लागतात, कारण तोवर पेपरात ‘फ्लूचे रुग्ण वाढले’ अशी बातमी आलेली असते. अजिबात न घेण्यापेक्षा ऑगस्टमध्ये घेतलेली बरी, पण आपल्याकडे ही लस घ्यायची वेळ एप्रिल-मे. पहिल्या पावसाच्या आत.

‘पण गेल्या वर्षी घेतली आहे ना, मग पुन्हा कशाला?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार. दोन कारणं. लसीने आलेली ताकद सहा-आठ महिन्यांत ओसरायला लागते. आणि फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा वेश बदलतो, म्हणून लसही दर वर्षी नवी शिवावी लागते. गोवराची लस लहानपणी घेतली की झालं, तसं हिचं नाही.

सासऱ्यांच्या बाबतीत मला काळजी तापाची नाही, त्या स्टेंटची आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. फ्लू पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अ‍ॅटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. अंगात आग लागली की रक्तवाहिनीतले जुने थर ठिसूळ होतात, रक्त घट्ट होऊ पाहतं, हृदय धावतं. ज्याच्या नळीत आधीच एक जाळी बसवलेली आहे त्याने हा जुगार कशाला खेळायचा? शुगरवाल्यांचं वेगळंच असतं. ताप आला की शुगर उसळते, शुगर उसळली की छातीत जंतू बसतो, आणि न्यूमोनिया होतो तो असा.

त्यात वारी. माझ्या माहेरची दिंडी होती, मी लहानपणी आजीबरोबर आळंदीहून जेजुरीपर्यंत गेलेली आहे, म्हणून सांगते. दिवसभर उघड्यावर चालताना फ्लूची भीती फारशी नाही. भीती रात्रीची. वाल्ह्याला, लोणंदला पाऊस लागला की एका राहुटीत पंचवीस माणसं, खांद्याला खांदा लावून, ओल्या धोतरांचा वास, आणि कोपऱ्यात एक म्हातारा रात्रभर खोकतोय. सकाळी सगळे एकाच टँकरच्या तोटीवर. त्याच्यावर अठरा-वीस दिवस उन्हापावसात चालून थकलेलं शरीर. वारीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका, ऐकणार नाहीत आणि लसही हातची जाईल.

त्यांच्याशी वाद घालू नका. सून सांगते म्हणून इंजेक्शन घेतलेला सासरा मी तरी अजून पाहिलेला नाही. त्यांचे हृदयाचे डॉक्टर आहेत ना? दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जात असतील. वारीआधी एकदा जायचंच असतं, गोळ्या महिनाभराच्या भरून घ्यायला. त्या भेटीला तुम्ही आधी डॉक्टरांना चिठ्ठी पाठवा किंवा फोन करा, आणि प्रश्न त्यांच्यासमोर निघू दे. स्टेंट टाकणाऱ्या माणसाचा शब्द घरात निराळा चालतो. दुसरा उपाय म्हणजे दिंडीचे प्रमुख किंवा त्यांच्या बरोबर चालणारे कोणी समवयस्क. एकाने घेतली की चौघं घेतात. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, त्याच्या निदान दोन आठवडे, जमल्यास तीन आठवडे आधी सुई टोचलेली असावी. कॅलेंडरात आजच खूण करा.

स्टेंटमुळे ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असणार. ती लसीसाठी मनाने बंद करायची नाही! टोचणाऱ्या सिस्टरांना आधी सांगायचं, म्हणजे त्या बारीक सुई वापरतील. टोचल्यावर कापूस दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचा. चोळायचं नाही. आपल्याकडे इंजेक्शन झालं की चोळायची हौस फार, तिथेच काळं-निळं होतं आणि मग लसीला शिव्या.

लसीच्या पेटीबद्दल दोन शब्द, कारण मी स्वतः इथे फसलेली आहे. फ्लूची लस वर्षातून दोनदा ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सप्टेंबरमध्ये बसून दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी विषाणू निवडतात, आणि फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी. भारत नकाशात उत्तरेला, पण आपला फ्लू येतो पावसाबरोबर. काश्मीरकडे तो हिवाळ्यात येतो, त्यांचं गणित वेगळं. आपल्याला मे महिन्यात हवी असते ती दक्षिणेची ताजी पेटी, जी साधारण मार्च-एप्रिलपासून बाजारात येऊ लागते. एका वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात मी एका ओळखीच्या मेडिकलमधून पाच सिरिंज मागवल्या. पोऱ्या बर्फाच्या डब्यातून घेऊन आला, मी पेट्या तशाच दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तीन टोचून झाल्यावर चौथ्याला चष्मा लावून पाहिलं तर ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर’, मागच्या हिवाळ्याची, आणि मुदत संपायला महिना उरलेला. धोका काही नव्हता, पण त्या तिघांनी नव्या लसीचे पैसे भरून जुनी घेतली होती. तिघांना फोन करून बोलावलं, सांगितलं, आणि माझ्या खर्चाने पुन्हा दिली. मेडिकलवाल्याला काय बोलणार? पेटी मीच वाचली नव्हती.

तेव्हा टोचून घेण्याआधी पेटी हातात मागा. तिच्यावर ‘सदर्न हेमिस्फिअर’ आणि चालू साल आहे का, मुदत किती, हे वाचा. मुलाच्या डॉक्टरांना राग येणार नाही, आला तर येऊ दे. दुसरं, ती फ्रिजमधून तुमच्यासमोर निघाली पाहिजे. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठलेली चालत नाही. मेडिकलमधून तुम्हीच आणणार असाल तर आइसपॅक घालून आणा आणि मधे भाजी घ्यायला थांबू नका. ‘चार विषाणूंची घ्या, तीनची जुनी आहे’ असंही कोणी सांगेल. त्या चौथ्याचं, बी-यामागाता नावाच्या जातीचं, मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीचं दर्शन झालेलं नाही. कोरोनाच्या बंदीत तो बहुधा संपला. तीनची ताजी मिळाली तर हलक्यातली समजू नका.

मुलाचं सोपं आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी ही लस द्या असंच सांगते. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदा घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी दोन सांगितले, त्यात काही लबाडी नाही. पुढच्या वर्षी एकच. पहिला आत्ता मेमध्ये दिलात तर दुसरा शाळा सुरू होता होता होईल. मात्र शाळेतला बारमाही खोकला यानेच थांबेल अशी आशा धरू नका, त्यातला थोडाच फ्लूचा असतो. पहिल्या वर्षी शाळेत गेलेलं पोर वर्षभर शेंबडं असतं, आणि ते आपोआप सुटतं.

यजमान ३५ वर्षांचे, कसला आजार नाही. पैसे खरोखरच ओढाताणीचे असतील तर पहिली काट त्यांच्यावर मारा. ते फ्लूने चार दिवस अंथरूण धरतील आणि उठतील. पण एक गोष्ट त्यांना विचारा: सप्टेंबरनंतर बाळाला पहिल्यांदा हातात कोण घेणार आहे? कंपनीची बस, लिफ्ट, कँटीन करून संध्याकाळी घरी येणारे तेच. सहा महिने ज्याला लस देता येत नाही त्याच्याभोवतीची माणसं घेतात, तेवढाच त्याचा आडोसा. त्यांची सुई या कारणासाठी, त्यांच्या तापासाठी नाही. सासूबाईंचंही तेच. शिवाय बाळाची मालीश-अंघोळ त्याच करणार आणि सासऱ्यांच्या शेजारीही त्याच असणार, म्हणून यजमानांच्या आधी त्यांना घाला.

‘साध्या सर्दी-तापासाठी’ हे यजमानांचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. सर्दीला मीही लस घेतली नसती. २००९ मध्ये मी पुण्यात पेठेत दवाखाना चालवत होते. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, देशातला पहिला. आठवड्याभरात शाळा, थिएटरं, मॉल बंद. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून आलेला, आणि लस तेव्हा होतीच कुठे? ती पुढच्या वर्षी आली. तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दर वर्षी येणाऱ्या फ्लूत मिसळून गेलाय. गेला कुठेच नाही. २०१५ मध्ये त्याने देशभरात जवळपास तीन हजार माणसं नेली, आणि तेव्हा त्याची पहिल्या पानावर महिनाभर बातमीही टिकली नाही.

आता त्या मेसेजबद्दल. तो पूर्ण हवेतला नाही, म्हणूनच तो पसरतो. गियाँ-बारे नावाचा आजार आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, आणि पायांपासून वर ताकद जाते. १९७६ मध्ये अमेरिकेत त्या वेळच्या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर असे रुग्ण खरोखर वाढले, साधारण लाखाला एक जादा, आणि त्यांनी ती मोहीम थांबवली. त्यानंतरच्या फ्लूच्या लसींवर तेव्हापासून बारीक नजर आहे. काही वर्षी काहीच वाढ दिसत नाही, काही वर्षी दहा लाखांत एक-दोन जादा. आणि मेसेजमध्ये हे नसतं की खुद्द फ्लू झाल्यावर तोच आजार होण्याची शक्यता लसीपेक्षा जास्त असते. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्याच आजाराची साथ आली होती, तुम्हाला आठवत असेल. ती पोटाच्या संसर्गातून आली होती, लसीशी तिचा संबंध नव्हता. तुमच्या मैत्रिणीच्या मेसेजमध्ये बहुधा ती भीती शिल्लक आहे. घरात कोणाला पूर्वी गियाँ-बारे झालेला असेल, किंवा फ्लूच्या लसीनेच आधी अंगभर गांध्या, श्वास कोंडणं असं काही झालं असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायची नाही. अंड्याने पुरळ येतं म्हणून पूर्वी ही लस नाकारायचे, आता तेवढ्यावरून नाकारत नाहीत. टोचल्यावर वीस मिनिटं तिथेच बसा. अंगात चांगला ताप असेल त्या दिवशी जाऊ नका. बारीक सर्दी असेल तर खुशाल जा.

मीही अर्धवट दावे करणार नाही. ही लस शंभर टक्के नाही. ज्या वर्षी विषाणू आणि लस बऱ्यापैकी जुळतात, त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हातारपणी त्याहून कमी. म्हणजे घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण झाला तरी आयसीयूपर्यंतची वाट लांब होते, आणि मी तीस वर्षं बघते आहे ती तीच वाट. माझ्या आईला मी दर मेमध्ये न चुकता लस द्यायचे. ती ७९ वर्षांची होती त्या वर्षी दवाखान्याची गर्दी, ‘पुढच्या आठवड्यात’ करत जुलै उजाडला. माझीही राहिली, तिचीही. मी दवाखान्यातून ताप घेऊन घरी गेले, तिसऱ्या दिवशी ती पडली. अकरा दिवस हॉस्पिटल. आली घरी, पण त्यानंतर वरच्या मजल्यावर आपल्या देवघरात स्वतःच्या पायांनी कधी गेली नाही. देव आम्ही खाली आणले. लोकांना सांगणारी मी, आणि घरी ही तऱ्हा.

पैशांचं बघू. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून जोखमीच्या लोकांना ही लस सरकारी दवाखान्यांत मोफत द्यायला सुरुवात केली. त्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायका आणि शुगर-बीपीचे रुग्ण येतात. म्हणजे तुम्ही आणि सासरे, दोघंही. साठा सगळीकडे आणि सगळ्या महिन्यांत असतोच असं नाही, म्हणून जवळच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात आधी विचारून जा, सोनोग्राफीचा कागद आणि सासऱ्यांची फाइल बरोबर न्या. मिळाली तर दहा हजार आठशेतले छत्तीसशे तिथेच वाचले. नाही मिळाली तर हे दोन डोस विकत घेणं हा मे महिन्यातला पहिला खर्च समजा, मग मुलाचे, मग सासूबाईंचा, मग यजमानांचा. मात्र साठ्याची वाट बघत जून घालवू नका. आठवडाभर थांबा, नाहीतर सरळ विकत घ्या.

काढा घ्यावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. घ्या. आल्याचा, गवती चहाचा, घसा शेकतो. सासऱ्यांच्या काढ्यात गूळ नको. बाकी तो लसीची जागा घेत नाही.

सासऱ्यांनी शेवटपर्यंत नाहीच ऐकलं, किंवा घेऊनही वारीत ताप आला, तर काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. फ्लूवरचं औषध आहे, ओसेल्टामिविर. ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं तर उपयोगी, नंतर धार जाते. त्यांच्यासारख्याने तिसऱ्या दिवसापर्यंत क्रोसिनवर चालत राहायचं नाही. तुम्हालाही हेच लागू: गरोदरपणात ताप, खोकला, अंगदुखी एकदम आली तर त्याच दिवशी डॉक्टर. सासऱ्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक चिठ्ठी शिवून टाका: नाव, शुगर, स्टेंट टाकल्याचं साल, गोळ्यांची नावं, घरचे दोन फोन नंबर. खाली ‘ताप आल्यास त्याच दिवशी पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाला दाखवावे’. आणि लस घेतली असेल तर तिची तारीख, ठळक अक्षरात.